नेयार्थ, नीतार्थ आणि डॉ. आंबेडकर

एखाद्या सूत्राचा अर्थ शब्दांतच पुरा उतरलेला असतो. एखाद्याचा तो शब्दांमागून काढून घ्यावा लागतो. पहिलें नीतार्थ, दुसरें नेयार्थ. जो यांची अदलाबदल करतो तो तथागतावर खोटा आळ घेतो, असें अंगुत्तरनिकायाच्या दुकनिपातांत म्हटलें आहे. कोणतें सूत्र कोणत्या वर्गांतलें, याची यादी मात्र तेथें नाहीं. पुढचा तंटा त्यांतूनच उपजला. माध्यमिकांनीं शून्यतेचीं सूत्रें नीतार्थ ठरविलीं, तर संधिनिर्मोचनसूत्रानें तींच नेयार्थ ठरवून अखेरचा मान स्वतःकडे घेतला. प्रत्येक पंथाला आपलेंच सूत्र नीतार्थ वाटावें, हा योगायोग खास नव्हे!

मराठी वाचकाला हा वाद दूरचा वाटूं नये. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत भोन येथें उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. परंतु त्याच्याभोवतीं सूत्रें कोणत्या अर्थानें वाचलीं जात, हें विटा सांगत नाहींत. तें काम ग्रंथकारांचें. धर्मानंद कोसंबींनीं ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) या ग्रंथांत जुना भाग व मागाहूनची भर यांची निवड केली. डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ सालीं निघालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथांत बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्याच दिल्या आहेत. बुद्धिगम्यता व लोककल्याण या पहिल्या दोन. तिसरी अशी कीं, ज्यांविषयीं बुद्धांचा निश्चय होता तीं मतें निर्णायक, बाकीचीं तात्पुरतीं.

ही तिसरी कसोटी जुन्या भेदासारखी दिसते, पण तशी नाहीं. महायानी विवेचनांत गुरूला सर्व ठाऊक असतें. श्रोत्याची तयारी थोडी, म्हणून उपदेश आखडता होतो. आंबेडकरांनीं अनिश्चितता श्रोत्याकडून गुरूकडे नेली. सर्वज्ञतेचा मुकुट उतरवून प्रामाणिकपणा हेंच बुद्धांचें भूषण ठरविलें. आमच्या मतें ग्रंथांतील सर्वांत धीट विचार हाच.

म्हणूनच एका ठिकाणीं मन अडतें. चार आर्यसत्यें मूळचीं कीं भिक्षूंनीं मागून घातलेलीं, असा प्रश्न ते प्रारंभींच टाकतात. पुढें मात्र दुःखाचें अस्तित्व व त्याच्या निवारणाचा मार्ग हाच धम्माचा पाया म्हणून सांगतात, आणि माणसाच्या दुःखाचें मूळ माणसानें माणसावर केलेल्या अन्यायांत दाखवितात. हें तर उघड उघड नेयार्थ वाचन झालें, आणि समर्थ वाचन झालें. मग प्रक्षेपाच्या शंकेची गरज काय होती? ‘बुद्ध असें बोललेच नाहींत’ म्हणणाऱ्यानें पाठाचा व भाषेचा पुरावा द्यावा लागतो. ‘बोलले, पण अर्थ काढून घेतला पाहिजे’ म्हणणाऱ्यानें त्या अर्थाची जबाबदारी स्वतः घ्यावी लागते. आंबेडकरांच्या अंगीं ती घेण्याचें सामर्थ्य भरपूर होतें.

मूळ इंग्रजी आवृत्तींत सूत्रांचे संदर्भ नव्हते. हिंदी अनुवाद करतांना भदंत आनंद कौसल्यायन यांनीं ते शोधून दिले. ज्याला पदोपदीं ताडून पाहावयाचें आहे, त्यानें तो अनुवाद जवळ ठेवावा.