बबल्याच्या गाण्यातला ‘वर’

बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातून वरात निघाली तेव्हा नऊ वाजायला आले होते. पुढे डीजेची गाडी, तिच्यासमोर नाचणारी पोरं, मागे बायका, आणि सगळ्यांत शेवटी फटाक्यांच्या कागदांतून जपून पावलं टाकत आमचे नाना. नानांची सारी नोकरी बुऱ्हाणपुरात मराठी शिकवण्यात गेली. घरीसुद्धा ते छापल्यासारखं मराठी बोलतात. लहानपणी आमच्या तोंडून ‘इस रुपये’ निघालं की जागच्या जागी ‘वीस’ म्हणायला लावायचे. तर तासाभरात तेच गाणं तिसऱ्यांदा लागलं आणि नाना रस्त्यातच थांबले.

‘‘हाई काय गानं शे का?’’ ते ओरडले.

मोठी माय त्यांच्या शेजारीच होती. ‘‘आपलंच शे ना,’’ ती म्हणाली आणि पदर सावरून पुढे चालू लागली.

मला त्या रात्री गाण्यापेक्षा नानांच्या वाक्याचं नवल वाटलं. अहिराणी या खान्देशी बोलीतल्या गाण्यावर ते चिडले होते आणि चिडताना त्यांच्या तोंडून अहिराणीच निघाली होती. तेव्हापासून ते गाणं मी नीट ऐकत आले आहे. ज्या गाण्यावर निम्मं गाव नाचतं आणि उरलेलं गाव कानांवर हात ठेवतं, त्यात काहीतरी असलंच पाहिजे असं मला वाटतं. ते काय असावं, हे शब्दाशब्दाने बघायचं आहे.

गाणं म्हणजे ‘बबल्या इकस केसावर फुगे’. अण्णा सुरवाडे यांनी ते गायलं आणि सचिन कुमावत यांनी जळगावकडच्या खान्देशी गाण्यांच्या लाटेत ते लोकांपुढे आणलं. करोनाच्या आधीच्या लगीनसराईत ते असं पसरलं की जळगाव, धुळे, भुसावळ, रावेर आणि इकडे आमचं बुऱ्हाणपूर, कुठेच त्याच्यावाचून वरात पुढे सरकेना. यूट्यूबवर ते कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. अहिराणी ज्यांनी कधी ऐकलीही नव्हती, अशा गावांतल्या गॅदरिंगमध्ये मुलं त्यावर नाचली. आणि तितक्याच जोरात त्याला शिव्याही बसल्या: अर्थ नाही, चाल नाही, बबल्या फुगे विकतो याचं कसलं गाणं करायचं?

ह्याचंच तर गाणं करायचं.

आधी नाव घेऊ. बबन असेल, बबलू असेल, कागदावर आणखी काही असेल. गल्लीने त्याचा बबल्या केला. हा ‘या’ प्रत्यय आपल्याकडे दुधारी आहे. आई मुलाला गण्या म्हणते तेव्हा तो मायेचा असतो, आणि मालक नोकराला गण्या म्हणतो तेव्हा तोच प्रत्यय माणसाला खाली बसवतो. गाण्यातला बबल्या या दोहोंच्या मधे उभा आहे. त्याला आडनाव नाही, गाव नाही, जात सांगितलेली नाही. कुणाच्याही गल्लीत हा बबल्या सापडतो.

मग क्रियापद. इकस म्हणजे विकतो. आरंभीचा ‘व’ गळतो, जसा विठोबाचा इठोबा होतो. हे एवढं सगळ्यांना कळतं आणि इथेच लोक हसून पुढे जातात. पण शेवटचा ‘स’ बघा. आमच्याकडच्या अहिराणीत मी इकस, तू इकस, तो इकस, ती बी इकस. प्रमाण मराठीत विकतो, विकते, विकतोस, विकतेस असे बाई-पुरुष, मी-तू वेगळे करावे लागतात. अहिराणीत एकवचनात सगळे एकाच रूपात मावतात. वरातीत नाचणारं पोरगं ओळ म्हणतं तेव्हा नाव बबल्याचं असलं तरी क्रियापद त्याचं स्वतःचंही असतं. त्याचा बाप केळी विकतो, आजी भाजी विकते, तो स्वतः मोबाइलचे कव्हर विकत असेल. सगळ्यांना हे एकच रूप पुरतं.

आता ‘केसावर’. माझ्या मते सगळं गाणं या शब्दातल्या ‘वर’वर उभं आहे. बाहेरच्या माणसाला वाटेल, डोक्यावर फुगे बांधलेत. ज्याच्या दारावर हा फेरीवाला कधी आला नाही, त्याला गाणं निरर्थक वाटणारच, कारण त्याच्यासाठी हा ‘वर’ मुका आहे. हा ‘वर’ देवघेवीचा आहे. जुन्या कपड्यांवर भांडी, भंगारावर लसूण, केसांवर फुगे: हातात पैसा नसलेल्या घराने घरातलीच एखादी वस्तू पुढे करायची आणि दुसरी घ्यायची. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत ‘वर’चे अर्थ शिकवताना टेबलावर पुस्तक ठेवतात. बोहारणीच्या टोपलीतला हा ‘वर’ मी शाळेच्या पुस्तकात कधी वाचला नाही. तो ऐकू येतो तो रस्त्यावरच्या हाळीत, आणि आता या गाण्यात.

मोठ्या मायच्या न्हाणीघराबाहेर भिंतीत एक कोनाडा होता. दुपारी ती केस विंचरायची, फणीतले सुटे केस बोटाभोवती गुंडाळायची, त्यांचं सुपारीएवढं वेटोळं करायची आणि कोनाड्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबायची. या वेटोळ्याला आपल्याकडे गुंतवळ म्हणतात. गुंतवळ कुठेही टाकायची नाही. ताटात आली तर भांडण, कुणाच्या हाती लागली तर करणी, अशी धास्ती घालूनच आम्हाला वाढवलं. पिशवी महिनोन्‌महिने भरत राहायची. त्यात मोठ्या मायचे केस, आमच्या दोन काकूंचे, तापातून उठल्यावर झडलेले माझे. मग एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी हाळी यायची आणि आम्ही पिशवी घेऊन धावायचो. फेरीवाला पिशवी हातावर तोलायचा, दोन बोटांनी केस ओढून लांबी पाहायचा आणि मग फुगे मोजायचा. एका घरच्या चार बायकांच्या केसांचे तीन फुगे. एक हमखास दुपारपर्यंत फुटायचा.

त्या पिशवीचं पुढे काय होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेल्या लांब केसांचा लिलाव होतो. तो व्यवहार सगळ्यांना ठाऊक आहे. गुंतवळीचा व्यापार मात्र गल्लीबोळांतून चालतो. फेरीवाला ती ठोक व्यापाऱ्याला देतो, तिथून ती कर्नाटकातल्या कोप्पळकडे किंवा बंगालमधल्या मुर्शिदाबादकडे जाते. तिथे बायका एकेक केस सोडवतात, धुतात, लांबीप्रमाणे जुड्या बांधतात, आणि त्यांचे टोप होऊन परदेशी जातात. २०२२ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या केसांची निर्यात निर्बंधांखाली आणली, इतका तो माल मोलाचा आहे. मोठ्या मायला मिळाले तीन फुगे. बबल्यालाही त्यातून फार काही सुटत नसणार, नाहीतर तो उन्हात फिरला नसता.

गाण्यात हे काही सांगितलेलं नाही, त्याने फक्त हाळी उचलली आहे. पण ती हाळी ज्यांच्या कानांत आधीपासून आहे, त्यांच्या मनात त्या कोनाड्यासकट सगळं उठून बसतं. मोठी माय ‘आपलंच शे ना’ म्हणाली, ते हे.

फेरीवाल्यांना मराठी कवितेत जागा नव्हती असं नाही. एकनाथांनी भारुडांतून वासुदेव, जोशी, गोंधळी असे दारोदार फिरणारे लोक उभे केले, त्यांचीच भाषा वापरली. भारुडातला जोशी मात्र बोलता बोलता परमार्थाकडे वळतो, त्याची हाक दुसऱ्याच दाराची असते. बबल्या कुठेही वळत नाही. तो फुगेच विकतो, आणि गाणं त्याला तेवढंच करू देतं. मला हे आवडतं. त्याच्याकडून कुणी शहाणपणाची अपेक्षा ठेवलेली नाही.

आता चाल. ‘चाल नाही’ हा आक्षेप मला कळतो, पण पटत नाही. ओळीच्या मात्रा कागदावर मोजून पाहा: बबल्याच्या ४, इकसच्या ३, केसावरच्या ६, फुगेच्या ३. एकूण १६. चौपाईच्या चरणातही १६च असतात, आणि आमच्या गावात रामायणाचे पाठ ऐकलेल्या कानांना ही लांबी जन्मापासून सवयीची आहे. गंमत पुढे आहे. आठव्या मात्रेवर ओळ थांबायला जावी, तर तिथे ‘केसा’तला ‘के’ आडवा येतो. अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. ओळ तिथे विसावा घेत नाही, अडखळून पुढे ढकलली जाते. शब्दांतला हा धक्का ढोलाने आणखी रेटला की पाय आपोआप उचलतो. हे ठरवून झालं असेल असा माझा दावा नाही. हाळी घालणाऱ्याला दम पुरवायचा असतो आणि लांबच्या घरापर्यंत आवाज पोचवायचा असतो, त्यातूनच अशा ओळी घडतात. अण्णा सुरवाडे यांचा मोकळा गळा त्या हाळीचा गुण राखतो. तोच आवाज गुळगुळीत केला असता तर बबल्या गल्लीत न येता स्टुडिओतच राहिला असता.

न आवडणाऱ्यांची बाजूही खरी आहे. लगीनसराईत रोज रात्री खिडकीच्या काचा थरथरल्या तर कुमार गंधर्वांचंही गाणं नकोसं होईल. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावायचा नाही, हा नियम २००० सालापासून आहे. तो पाळला जात नाही तो दोष गाण्याचा नाही. पण काही दोष गाण्याचेही आहेत. तीच ओळ इतक्या वेळा येते की शेवटी ‘वर’चा अर्थ झिजतो आणि नुसता धडाका उरतो. कीबोर्डचे मधले तुकडे कुठल्याही गाण्यात बसतील असे आहेत. आणि बबल्यावर हसायचं की बबल्याबरोबर, हे गाणं नाचणाऱ्यावर सोडून देतं. वरातीत मी दोन्ही पाहिलं आहे. फुगेवाला स्वतः रस्त्याच्या कडेला उभा असताना त्याच्याकडे बोट दाखवून नाचणारी पोरंही पाहिली आहेत. तेव्हा मला ते गाणं सोसलं नाही.

मात्र बहुतेकांची चीड आवाजाची नसते, बोलीची असते. ‘झिंगाट’लाही २०१६ मध्ये नाकं मुरडली गेली, पण तिथे ‘सैराट’ होता, अजय-अतुल होते, नंतर हिंदीतलं ‘धडक’ही आलं, शिकलेल्या माणसाला आवडून घ्यायला आधार होता. शेजारच्याच जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड यांची ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये देशभर वाजली. ती मराठी सगळ्यांना कळणारी. बबल्याला असा कुठलाच आधार नाही. आहे ती फक्त अहिराणी. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात १९०७ साली खान्देशी भिल्ल भाषांच्या खंडात गेली. मराठीच्या खंडाने तिला घेतलं नाही. आम्ही घरात बोललो, शाळेत लपवली. नानांनी तर आयुष्यभर ती आमच्या तोंडून काढून टाकण्याचं काम केलं, आणि ते आमच्या भल्यासाठीच केलं. मध्य प्रदेशातल्या मुलांचं पुण्या-मुंबईच्या मुलांसमोर हसं होऊ नये, एवढीच त्यांची तळमळ होती.

पण अहिराणी बुऱ्हाणपुरात बाहेरून आली असं कुणी म्हणू नये. फारुकी सुलतानांच्या काळात हेच शहर खान्देशाची राजधानी होतं, आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर मोगलांच्या खान्देश सुभ्याचा कारभारही इथूनच चालला. राज्यांच्या सीमा पुढे आखल्या गेल्या आणि रावेर महाराष्ट्रात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात आलो. दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला ती रेघ माहीत नव्हती. तो अर्धी गल्ली हिंदीत घ्यायचा, यंत्रमागांच्या मोहल्ल्यात उर्दू मिसळायचा आणि आमच्या वाड्यासमोर आला की ‘केसवर फुगे, माय!’

लग्नानंतर चौथ्या दिवशी मी नानांना इकसचं रूप विचारलं. चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, उरलेली एक लग्नपत्रिका उलटी केली आणि तिच्या पाठकोऱ्या बाजूवर सुबक अक्षरात तक्ता आखला. एकवचन, अनेकवचन, प्रथम पुरुष, द्वितीय, तृतीय. मी इकस. तू इकस. तो इकस. पुढे आम्हीन इकतस. तृतीय पुरुषाकडे परतल्यावर त्यांचं पेन थांबलं. मोठी माय दारात बसून केस विंचरत होती.

‘‘ती इकस ना?’’ नानांनी तिला विचारलं.

‘‘हां, इकस,’’ ती म्हणाली आणि फणीतले पांढरे केस बोटाभोवती गुंडाळू लागली.