पीतांबर नेसण्याआधीची मंदाकिनी

दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा ‘कालियामर्दन’ लावला की पहिल्यांदा कृष्ण दिसत नाही, एक मुलगी दिसते. सात वर्षांची मुलगी चेहऱ्यावरचे भाव करून दाखवणार आहे, अशा अर्थाची पाटी येते आणि ती थेट आपल्याकडे बघू लागते. हसते, रागावते, रडवेली होते, पुन्हा सावरते. सोबत दुसरं पात्र नाही, गोष्टीचा अजून पत्ता नाही. मग एका चित्रात दुसरं चित्र विरघळतं आणि तिच्या जागी नटूनथटून बाळकृष्ण उभा राहतो. तिथून पुढे गोकुळ, गोपाळ, यमुना आणि तो कालिया साप. ही मुलगी म्हणजे मंदाकिनी, फाळक्यांची लेक.

हा मिनिटभराचा तुकडा बहुतेक जण गंमत म्हणून बघतात आणि कथेकडे वळतात. बापाला लेकीचं कौतुक, दुसरं काय! कौतुक आहेच, ते लपवलेलंही नाही. पण अख्ख्या चित्रपटात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच तुकडा. पौराणिक चित्रपटाचा सगळा डोलारा प्रेक्षकाने विश्वास ठेवण्यावर उभा असतो. समोरचा कृष्ण हा कृष्णच आहे, असं वाटलं पाहिजे. आणि फाळके काय करतात, तर आरंभीच सांगून टाकतात की ही माझी मुलगी आहे, तिला हसू असं येतं, राग असा येतो आणि हिलाच मी आता देव करणार आहे. चित्रपटाच्या नादी लागण्याआधी फाळके जादूचे प्रयोग करत. आपलंच आडनाव उलटं करून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ असं नावही घेतलं होतं. जादूगार बाह्या वर सारून रिकामे हात दाखवतो आणि मगच फूल काढतो. मंदाकिनीचा चेहरा म्हणजे फाळक्यांचे ते रिकामे हात. हात रिकामे आहेत हे माहीत असल्यामुळे फुलाचं नवल कमी होत नाही, उलट वाढतं. पुढे पाण्यात उडी टाकणाऱ्या कृष्णाकडे बघताना आपण एकाच वेळी देवाचा पराक्रम बघतो आणि एका चिमुरडीचं धाडसही. या दुहेरी बघण्यात चित्रपटाची सगळी गोडी आहे.

कॅमेऱ्यासमोर ही मुलगी बुजत का नाही? अभिनयाची शिकवणी हे त्याचं उत्तर नव्हे, उत्तर घरात आहे. फाळक्यांच्या घरी कॅमेरा पाहुणा म्हणून कधी आलाच नाही, तो घरच्यासारखाच वावरला. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले, तेव्हा पहिली चाचणी दादरच्या घराच्या आवारात मुलाबाळांवरच झाली. त्यानंतर भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. रोज थोडं थोडं चित्रण करायचं, महिन्याभराची वाढ मिनिटाभरात दाखवायची. शेतकऱ्याच्या घरात जे रोज दिसतं आणि म्हणूनच दिसत नाही, ते या माणसाने पडद्यावर दाखवून त्याच्यावर कर्ज उभं केलं!

त्याआधीचे दिवस आठवले की या घरगुती सलगीचं मोल आणखी कळतं. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांनी उमेदीच्या काळात गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय केला. तिथे प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल नेलं. पुढे बडोद्यात पुन्हा स्टुडिओ मांडला, तर कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढला की माणूस मरतो, अशी भीती लोकांत पसरलेली होती. धंदा बसला. ज्या माणसाने कॅमेऱ्याचं हे भय जवळून पाहिलं, त्याच्याच लेकीने कॅमेऱ्यात रोखून बघत हसावं, रुसावं, यात मला त्या जुन्या भीतीला दिलेलं उत्तर दिसतं. फाळक्यांच्या मनात तसं होतं की नव्हतं, हा प्रश्न वेगळा.

चित्रात कुठेच न दिसणारी एक व्यक्ती या सगळ्यामागे आहे, फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात भोकं पाडणं, रसायनं कालवून फिल्म धुणं, भर उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड टाकणं आणि हे उरकून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, अशी त्यांची पहिल्या चित्रपटाच्या वेळची दिनचर्या होती. दागिने गहाण पडले ते निराळंच. आजच्या भाषेत त्या प्रयोगशाळा, प्रकाशयोजना आणि निर्मिती व्यवस्था अशी तीन खाती सांभाळत होत्या. ‘छंदापायी घराकडे दुर्लक्ष’ अशी तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. फाळक्यांनी ती मिटवली, पण घर छंदात ओढून. आणि हे ओढणं नेहमी निरुपद्रवी नव्हतं, तेही सांगितलं पाहिजे. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झालेला त्यांचा मुलगा भालचंद्र बाहेरगावच्या चित्रीकरणात दगडावर पडला, डोक्याला खोक पडून बेशुद्ध झाला. पडद्यावर रोहिदासाचा मृत्यू घ्यायचाच होता. फाळक्यांनी बेशुद्ध मुलावर तो प्रसंग चित्रित करून टाकला, असं सांगितलं जातं. या हकिगतीचं कौतुकच जास्त होतं. मला ती वाचताना अंगावर काटा येतो आणि ‘कालियामर्दन’मधल्या मंदाकिनीचा मोकळा, सुखरूप चेहरा त्यामुळे आणखी हवासा वाटतो.

आता मूळ चित्रपटाकडे. त्याचा पूर्वार्ध खोड्यांचा आहे आणि तो बघताना शंभर वर्षांचं अंतर जाणवत नाही. लोणी चोरणं आहे, बायकांची गाऱ्हाणी आहेत. रात्री कृष्ण एका सधन जोडप्याच्या शेजघरात शिरतो आणि झोपलेल्या नवऱ्याची दाढी आणि बायकोचे केस यांची गाठ मारतो, ही खोडी तर भारुडात शोभावी अशी. इथे मंदाकिनीचं वागणं बघा. ती देवाचा आव आणत नाही. लहान मूल खोडी काढताना जसं इकडेतिकडे बघतं आणि स्वतःच्या धिटाईवर स्वतःच खूश होतं, तसं ती करते. पौराणिक नाटकातून आलेले मोठे नट छाती काढून आणि हात पसरून उभे राहतात. त्यांच्यामध्ये ही पोर तेवढी खरीखुरी वाटते. मोठ्यांनी रंगभूमी सोबत आणली होती, मुलीकडे आणायला रंगभूमीच नव्हती.

उत्तरार्धात ती झाडावरून यमुनेत उडी घेते आणि फाळक्यांचं खरं कसब सुरू होतं. कॅमेरा आळीपाळीने दोन जागा दाखवतो. पाण्याखाली साप आणि कृष्ण यांची झुंज, वर काठावर गोळा झालेलं गोकुळ. खाली काय चाललंय ते आपल्याला माहीत आहे, काठावरच्यांना नाही. या एका तफावतीवर फाळके सगळा ताण पेलतात. साप बाहुलीसारखा आहे, हे लगेच कळतं. त्याचं तोंड हलतं तेव्हा भीतीपेक्षा हसू येतं आणि झुंजही गरजेपेक्षा लांबली आहे. पण काठावरची माणसं खरी आहेत. आमच्या इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला भीमा उजनीच्या धरणाने फुगलेली आहे. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचं देऊळ वर येतं. पोर खोल पाण्याकडे गेलं म्हटल्यावर काठावर धावणारी माणसं कशी दिसतात, ते इथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच शेवटी कालियाच्या फण्यावर उभा राहून कृष्ण वर येतो, तेव्हा चमत्कारापेक्षा पोर जिवंत बाहेर आलं याचं समाधान आधी होतं. चित्रपट पुराणाचा आहे, पण जिंकतो तो इथे, आईबापांच्या बाजूने.

आणखी एक मजेची उलथापालथ नोंदवण्यासारखी आहे. १९१३ साली फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या खऱ्या, पण १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंकेच राम झाले आणि सीताही झाले. आणि ‘कालियामर्दन’मध्ये मुलगी कृष्ण होते. बाईचं काम पुरुषाने करण्याचा काळ संपायच्या आतच पुरुषाचं, तेही देवाचं, काम एका मुलीने करून टाकलं. कोणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही, बहुधा ती लहान होती आणि घरचीच होती म्हणून.

हे सगळं आज आमच्या तालुक्यातल्या वरकुट्यात बसून फोनवर बघता येतं. त्याच फोनमध्ये आदल्या गोकुळाष्टमीचे, शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ असतात. वरकुटे बुद्रुक घ्या नाहीतर खुर्द, बारामती-इंदापूरच्या कुठल्याही गावात अंगणवाडीत दोन-चार कृष्ण आणि तितक्याच राधा दरवर्षी तयार होतात. त्यांचं चित्रण करायला आता विल्यमसन लागत नाही, काकाचा फोन पुरतो. त्या व्हिडिओंकडे जरा बारकाईने बघा. कृष्णाचा मुकुट कानावर कललेला असतो. बासरी उलटी धरलेली असते. दोन सेकंदांनी चौकटीच्या कडेने एक हात आत येतो, बांगड्यांचा, मुकुट सरळ करतो, गालावरची पसरलेली काजळाची तीट पदराने टिपतो आणि निघून जातो. मग मागून आवाज येतो, ‘‘इकडं बघ, दादा, इकडं! हस की!’’ पोर मात्र भजीच्या कढईकडे बघत असतं.

स्टेटसला टाकण्याआधी हा भाग कापला जातो. हात जातो, हाक जाते, कढईकडे बघणारं पोर जातं. उरतात ते नेमके पंधरा सेकंद ज्यात मूल इतर सगळ्या मुलांसारखं दिसतं आणि वर कुठलं तरी चालू गाणं चढवलेलं असतं. फाळके व्यवसायाने चित्रपट करत होते, फिल्मचा फूट न् फूट त्यांना पैसे घालून घ्यावा लागे. तरीही त्यांनी पीतांबराआधीची मुलगी ठेवली. आपल्याकडे फुकटची जागा आहे आणि तीच आपण पुसतो. रील करणाऱ्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. खेड्यातल्या पोरांच्या हातात कॅमेरा आला ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. फक्त त्यांनी कात्री चुकीच्या ठिकाणी चालवू नये, इतकंच.

या चित्रपटाचाही बराच भाग काळाने कापला आहे. आज जो दिसतो तो पाऊण तासाच्या आसपासचा आहे. तोही दिसतो तो पी. के. नायर यांच्यासारख्या माणसामुळे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे मिळवून ते जुळवले. ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच हाती लागला. मंदाकिनीचाच ‘श्रीकृष्णजन्म’ तर काहीशे फुटांपुरता उरला. म्हणजे ज्या घराने चित्रपटासाठी दागिने गहाण टाकले, त्याच्याच चित्रपटांची ही गत. ‘कालियामर्दन’नंतर फाळक्यांचं भागीदारांशी फाटलं, ते काशीला निघून गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहीत बसले. १९४४ साली नाशिकला त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्याभोवती गर्दी नव्हती.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. इंटरनेटवर हा चित्रपट बघताना मागे कुणीतरी जोडलेलं संगीत वाजतं, ते बहुधा बेसूर किंवा बेतालच असतं. ते बंद करा. मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी बसून पेटी-तबला वाजवणारी माणसं असत, समोरचं चित्र बघून ती वाजवत. गावोगावच्या भजनी मंडळांकडे पेटी आहे, पखवाज आहे, टाळ आहेत आणि कृष्णाच्या खोड्यांच्या गवळणी तोंडपाठ आहेत. ग्रामपंचायतीकडे किंवा शाळेत प्रोजेक्टर असतो. येत्या गोकुळाष्टमीला दहीहंडी फुटली की अंधार पडल्यावर देवळाच्या भिंतीवर ‘कालियामर्दन’ लावावा, मंडळाला पुढ्यात बसवावं आणि चित्र बघून त्यांना सुचेल ते वाजवू द्यावं. पहिलं मिनिट मात्र वाद्यं थांबवून ठेवावीत. मंदाकिनी एकटी असते तेव्हा तिला कुणाची साथ लागत नाही.