घड्याळ कोणतं, हे आधी विचारा: कर्नलच्या 'टाईमकीपिंग' टिपणाबद्दल

आज पेपरऐवजी एका टिपणाची समीक्षा करतोय. लिनक्स कर्नलच्या सोर्सबरोबर जे दस्तऐवज येतात, त्यात टाईमर्स विभागात 'टाईमकीपिंग' नावाचं एक छोटं टिपण आहे. प्रयोगाचा वेळ मोजणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं. का, ते आधी सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात गोंदियात घरी बसून अल्गोरिदमचे रीडिंग घेत होतो. मधेच लाईट गेली, नेटही गेलं. लाईट आल्यावर मशीन परत सुरू केलं, रीडिंग चालू ठेवले. एक उत्तर चक्क ऋण आलं! प्रोग्राम सुरू होण्याआधीच संपला म्हणे. मी ते 'चुकीचं रीडिंग' म्हणून काढून टाकलं आणि तक्ता गाईड मॅडमना पाठवला. त्यांनी एकच विचारलं, "घड्याळ कोणतं वापरलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झालं असं होतं: मदरबोर्डवरचं घड्याळ थोडं पुढे धावत होतं. नेट आल्यावर एनटीपीने ते झटक्यात मागे ओढलं. नेमकं तेव्हाच माझं रीडिंग चालू होतं.

आता टिपणाकडे. त्याची मोठी ताकद म्हणजे विभागणी. 'वेळ' ही एकच गोष्ट नाही, हे ते स्वच्छ दाखवतं. क्लॉक सोर्स म्हणजे नुसता मोजत राहणारा काउंटर, क्लॉक इव्हेंट म्हणजे ठरल्या क्षणी प्रोसेसरला जागं करणारा गजर, शेड-क्लॉक शेड्युलरसाठी, आणि डिले टायमर छोट्या थांब्यांसाठी. उदाहरणही पटणारं आहे. ३२ बिटांचा काउंटर १०० मेगाहर्ट्झवर चालला, तर सुमारे ४३ सेकंदांत शून्यावर येतो. २ चा ३२ वा घात भागिले १० कोटी, स्वतः करून बघा. ही गुंडाळी कर्नल सांभाळतो, म्हणून आपल्याला ती दिसत नाही. शेड-क्लॉकमध्ये अचूकतेपेक्षा वेग महत्त्वाचा, हेही टिपण लपवत नाही. असा प्रामाणिकपणा आपल्या थीसिसमध्ये किती वेळा असतो?

कमतरता कुठे? हे टिपण कर्नल लिहिणाऱ्यांसाठी आहे. आपल्या प्रोग्रामने नेमकं कोणतं घड्याळ मागावं, हे ते सांगत नाही. संशोधकाचा पाय तिथेच घसरतो. ती बाजू मी जोडतो.

'रिअलटाईम' घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद सांगतं. ते मागेपुढे उडू शकतं, कारण ते जगाशी जुळवून घेतं. भिंतीवरची वेळ हा मुळात करारच. गोंदिया साधारण ८०.२ अंश पूर्वेला, प्रमाणवेळेची रेषा ८२.५ अंशावर, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने आपण जवळपास ९ मिनिटं मागे. तरी घड्याळ सगळ्यांचं एकच. गाडी पकडायला हा करार उत्तम, कालावधी मोजायला नाही.

कालावधीसाठी 'मोनोटॉनिक' घ्या. ते मागे जात नाही. एनटीपी त्याचा वेग किंचित बदलू शकतं. तेही नको असेल तर 'मोनोटॉनिक रॉ'. लक्षात ठेवा, मशीन सस्पेंड असतानाचा वेळ ही दोन्ही मोजत नाहीत. तो हवा असेल तर 'बूटटाईम'. पायथनमध्ये टाईम-डॉट-टाईम ऐवजी परफ-काउंटर वापरा.

मी सगळे रीडिंग पुन्हा घेतले. ऋण आकडा निदान डोळ्यांत भरला. पण घड्याळ थोडंसंच सरकलं असतं तर? आकडा धनच राहिला असता, आणि मी तो खरा मानून छापला असता. मला खरी भीती त्या आकड्याची वाटते.

म्हणून तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ नक्की लिहा: घड्याळ कोणतं, क्लॉक सोर्स कोणता. आणि विचित्र रीडिंग खोडण्याआधी त्याचं कारण शोधा. काही अडलं तर विचारा, मीही शिकतोच आहे.