प्रमाण, आप्त आणि उसाचा काटा

मंडळी, आजचा विषय व्यवस्थापनाच्या पुस्तकातला आहे. पण तो आम्ही जुन्नर-आंबेगावच्या उसात उभा करून तपासणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं हिशेबाच्या खात्यात कशाला डोकवावं, असं कुणी विचारील. त्याचं कारण आपल्या भाषेतच आहे. मोजमापाला आपण प्रमाण म्हणतो आणि खरं कळण्याच्या साधनालाही प्रमाणच म्हणतो.

संस्थेतल्या 'मॅनेजमेंट कंट्रोल'ची आजची मांडणी बरीचशी हार्वर्डच्या रॉबर्ट अँथनी यांच्या १९६५ च्या पुस्तकावर उभी आहे. त्यांनी तीन मजले कल्पिले. वर धोरण ठरतं, खाली रोजचं काम चालतं आणि मधल्या मजल्यावरचे व्यवस्थापक साधनं नीट मिळतात का, नीट वापरली जातात का, ते बघतात. मांडणी सुबक आहे. पण तिच्यात एक गृहीतक आहे, की मोजणारा वर असतो आणि मोजला जाणारा खाली.

आता हे घेऊन शिरोलीच्या विघ्नहर किंवा पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे या. ही दोन नावं घेतली ती इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत म्हणून. पुढचं बोलणं सगळ्याच सहकारी कारखान्यांच्या रचनेबद्दल आहे, या दोघांवर आमचा काही आरोप नाही. तर, इथला सभासद भागधारक आहे म्हणजे मालक आहे, ऊस घालतो म्हणजे पुरवठादार आहे, आणि संचालक मंडळ निवडतो म्हणजे मतदारही आहे. अँथनींच्या इमारतीत त्याला कुठल्या मजल्यावर बसवायचं? सप्टेंबरच्या सभेत तो गच्चीवर असतो आणि डिसेंबरात ट्रॉलीबरोबर गेटवर ताटकळत असतो.

कारखान्यातलं नियंत्रण सुरू होतं उसाच्या नोंदीपासून. शेतकी विभाग लागणीची तारीख लिहून घेतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा अशी वर्गवारी होते आणि त्या क्रमानं तोडीचा कार्यक्रम लागतो. कागदावर हा क्रम निर्दोष आहे. प्रत्यक्षात चिटबॉय, मुकादम, टोळी, ट्रॅक्टरवाला अशी साखळी मध्ये येते. उसाला तुरा आला, वजन घटायला लागलं, की शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो आणि खिशातून 'खुशाली' निघते. हा खर्च कुठल्याच अहवालात दिसत नाही. बीड-नगरकडून आलेल्या टोळीला दोष देऊन आपण मोकळे होतो, पण ज्या व्यवस्थेला आपली रांग पाळता येत नाही, तिथे रांगेची किंमत उभी राहतेच.

मग येतो काटा, आणि काट्यानंतर उतारा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही तर १५ टक्के व्याज. दर ठरतो उताऱ्यावर. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी होती आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. आता हा दशांश नीट बघा. टनाला तो ३३ रुपये २० पैसे होतो. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात तोच दशांश ३ कोटी ३२ लाख होतो. प्रयोगशाळेतल्या एका आकड्यावर एवढं ओझं आहे.

शिवाय हा उतारा तुमच्या शेताचा नव्हे, तो अख्ख्या कारखान्याचा सरासरी उतारा आहे. पैसे वजनावर आणि गोडी सगळ्यांची मिळून. मग शेतकरी काय करील? वजन देणारी जात लावील. फुले २६५ भरघोस वजन देते म्हणून शेतकऱ्याला हवी असते, आणि साखर उशिरा भरते म्हणून काही कारखाने तिची नोंद घ्यायला नाखूश असतात. यात शेतकरी लबाड नाही, तो आपल्याच मोजपट्टीला शहाणपणानं उत्तर देतोय. तोडणी-वाहतुकीचंही तेच. गेटजवळच्याला आणि लांबच्याला सरासरीनं सारखीच कपात. याला बंधुभाव म्हणता येईल, आम्हीही म्हणू, पण तो निर्णय सभासदांनी समजून घेतलाय की अंगवळणी पडलाय, हे विचारायला हवं.

काटा मारण्याची तक्रार आपण सगळीकडे ऐकतो. त्यात एक गंमत आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. उतारा म्हणजे काय? पोत्यात भरलेली साखर भागिले गाळलेला ऊस. वजन कमी दाखवलं तर भाजक लहान होतो आणि उतारा आपोआप फुगतो. तो फुगवटा लपवायचा तर साखरही कमी दाखवावी लागेल, मग मळी, बगॅस, गोदाम, सगळ्यांचे हिशेब वाकवावे लागतील. म्हणजे काटा आणि उतारा एकमेकांवर पहारा ठेवतात. फक्त दोन्ही आकडे एकाच माणसानं एकत्र वाचायला हवेत. बी-हेवी मळीपासून इथेनॉल सुरू झाल्यावर हे वाचन अवघड झालंय, कारण तिकडे वळलेली साखर गणितानं उताऱ्यात परत मिळवावी लागते. काट्याभोवती शंभर माणसं जमतील, या बेरजेभोवती पाचही जमत नाहीत.

इथे आमच्या जुन्या नैयायिकांची आठवण होते. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही त्यांची चार प्रमाणं. काट्यावरचा आकडा शेतकऱ्याला दिसतो, ते प्रत्यक्ष. वजनावरून उताऱ्याचा अंदाज बांधणं हे अनुमान. आणि अहवालात छापलेला उतारा हे शब्दप्रमाण: दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मानलेलं. शब्दप्रमाणात गैर काही नाही, आपलं बहुतेक ज्ञान तसंच असतं. अट एवढीच, की सांगणारा आप्त हवा, म्हणजे विषय जाणणारा आणि जाणतो ते तसंच सांगणारा. आता मराठीत या शब्दाचं काय झालं बघा. आप्त म्हणजे नातेवाईक! लग्नपत्रिकेत आप्तेष्ट असतात ते.

विल्यम औची यांनी १९७९ साली लिहिलं, की नियंत्रणाच्या तीन तऱ्हा आहेत: बाजार, नोकरशाही आणि 'क्लॅन'. जिथे मोजणं अवघड, तिथे समान मूल्यांची माणसं एकमेकांना सांभाळतात, असा तिसऱ्या तऱ्हेचा अर्थ. क्लॅनला आमच्याकडे भावकी म्हणतात, आणि भावकीत बांधावरून किती दावे चालतात ते औचींना कुणी सांगितलं नसावं. सहकारातली आमची अडचण हीच आहे. आपण नैयायिकांचा आप्त सोडला आणि पत्रिकेतला धरला. चेअरमन आपल्या गटाचा, आपल्या पाहुण्यांतला, म्हणून त्याचा आकडा खरा. विरोधी गटाचा असेल तर तोच आकडा खोटा. दोन्हीकडे आकडा कुणी तपासलेला नसतो.

प्रवरेला १९५० साली कारखाना सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीनं अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते आणि अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. ते लोणीच्या शेतकऱ्यांच्या भावकीतले नव्हते. म्हणूनच, आम्हाला वाटतं, जुन्या अर्थानं ते आप्त ठरले. प्रत्येक कारखान्याला गाडगीळ मिळत नाहीत हे मान्य, पण आकडे वाचून दाखवणारा तिऱ्हाईत मिळू शकतो.

रॉबर्ट सायमन्स यांनी १९९५ मध्ये 'संवादी नियंत्रणा'ची कल्पना मांडली: वरिष्ठांनी आकड्यांवर खालच्यांशी सतत वाद घालावा. आमच्याकडे या वादाची जागा कायद्यानंच दिलेली आहे, वार्षिक सर्वसाधारण सभा. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ती घ्यावीच लागते. तिथे काय होतं ते तुम्ही जाणता. विषय वाचून संपायच्या आत 'मंजूर, मंजूर' होतं आणि जेवणाची पंगत उठवायची घाई सुरू होते.

अहवालात जे नसतं त्याचाही एक शब्द बोलून टाकतो. जुन्नर वनविभागात उसात बिबट्या राहतो, वितो, आणि तोडीच्या वेळी टोळीतल्या बायकांच्या कोयत्यापुढे त्याची पिल्लं निघतात. माणसं, लहान मुलं दगावली आहेत. टनांच्या हिशेबात या जोखमीला रकाना नाही. ती वनखात्याची बाब समजली जाते, फड मात्र कारखान्याच्या कार्यक्रमानंच तोडला जातो.

तेव्हा येत्या सभेला जाल तेव्हा एवढं मागा: गटवार नोंद किती आणि तोड कोणत्या तारखेला, एकूण ऊस, साखर, मळी आणि इथेनॉलकडे गेलेली साखर एका पानावर, आणि ते पान सभेच्या पंधरा दिवस आधी गावच्या चावडीवर. चेअरमन आपले पाहुणे असले तरी मागा. असले तर आधी मागा.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून काट्याबद्दल हात वर झालाय, तिथूनच सुरुवात करू.