संगीताची वकिली

मिरजेच्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम मागे ठेवून तंतुवाद्यं घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण सातारा-सांगलीत शिकलेल्यांनी जरा मनाशी आठवावं : दहावीपर्यंत आपल्या शाळेत जुळलेला तंबोरा किती वेळा ऐकला?

शिक्षकांना संगीत नको असतं, असं मी म्हणणार नाही. कुणालाही विचारा, ‘हवंच’ असं उत्तर येईल. माझा आक्षेप आहे तो पुढच्या वाक्याला. ‘संगीतानं एकाग्रता वाढते, गणित सुधारतं.’ म्हणजे वकिली संगीताची, पण दावा दुसऱ्याचाच! गणितानं गळा सुधारतो का, असं कुणी विचारतं? जे नुसतं साधन म्हणून आत येतं, त्याला दुसरं साधन सापडलं की रजा मिळते. एकाग्रतेला प्राणायाम आहे, गणिताला जादा तास आहेत. मग परीक्षा जवळ आली की पहिला जातो तो गाण्याचा तास.

ॲरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’च्या शेवटच्या भागात हा प्रश्न घेतला आहे. वाचन-लेखन उपयोगाचं, संगीत मात्र रिकामा वेळ चांगला घालवता यावा म्हणून, असं तो सांगतो. मुलांनी स्वतः गावं-वाजवावं, म्हणजे चांगलं काय ते कळेल. पण स्पर्धेसाठीची कसरत त्याला शिक्षणात नको होती. आपण नेमकं उलटं करतो. वर्षभर शांतता, आणि स्नेहसंमेलन आलं की निवडक दहा मुलं.

आता विष्णु दिगंबर पलुस्करांचं बघा. जन्म १८७२, कुरुंदवाड. तालीम मिरजेत, बाळकृष्णबुवांकडे. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, पुस्तकं, स्वरलेखन हा सारा खटाटोप सामान्य घरातल्या मुलापर्यंत गाणं पोचावं म्हणून होता. त्या परंपरेतल्या परीक्षा आज आपण कशा खपवतो? ‘परीक्षा दे, दहावीला वाढीव गुण मिळतील.’ गुणांमुळे मुलं क्लासला येतात, हे मान्य. पण दहावी झाली की पेटीवर आच्छादन पडतं, त्याचं काय?

तुम्ही म्हणाल, शिक्षक तरी काय करणार, संगीताला पदच नाही. खरं आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही सहावी ते आठवीला, शंभराहून जास्त मुलं असतील तर, कलेसाठी अर्धवेळ निदेशक आहे. आणि कला म्हटलं की चित्रकलाही त्यातच आली. ही शासनाची कंजुषी आहे, आणि ती ठणकावून सांगायलाच हवी.

पण रोजचा परिपाठ तर शिक्षकांच्या हातात आहे ना? तिथे सगळी शाळा गाते. आणि तिथेच बेसूर पोराला सांगितलं जातं, ‘तू नुसते ओठ हलव.’ पुढे तो माणूस जन्मभर सांगत राहतो, ‘मला गाण्यातलं काही कळत नाही.’ गणितात नापास झालेल्याला आपण शिकवणी लावतो. सुरात चुकलेल्याला गप्प करतो. संगीताबद्दल आपलं खरं मत काय आहे, ते इथे कळतं.

म्हणून माझी मागणी लहान आहे. परिपाठाच्या आधी दोन मिनिटं एक ‘सा’ लावा. तंबोरा नसेल तर मोबाइलवरचा चालेल. सगळ्यांनी तो ऐकायचा, मग त्यात आवाज मिसळायचा. कुणालाही वगळायचं नाही, गुण द्यायचे नाहीत. शिक्षकाला गाता येत नसेल तर त्यानंही मुलांबरोबर शिकावं. आणि कुणी विचारलं, ‘याचा उपयोग काय?’ तर सरळ सांगावं : मुलांना गाता येतं.