चाकांवरचें बिऱ्हाड

नोकरी सोडून मोकळ्या रस्त्याला लागलेल्या माणसाची गोष्ट घरांत बसलेल्या माणसाला नेहमींच गोड लागते. ठराविक वेळीं कचेरी गाठणारा आणि महिन्याच्या पहिल्या तारखेकडे डोळे लावून बसणारा गृहस्थ अशी गोष्ट वाचतो, तेव्हां आपल्या हातून जें झालें नाहीं तें दुसऱ्या कोणी तरी केलें याचें त्याला समाधान वाटतें. आणि पुस्तक मिटल्यावर तो मुकाट्यानें पुन्हा कचेरीची वाट धरतो. या वाङ्मयाची निम्मी मोहिनी या सुरक्षिततेंत आहे. म्हणून चाकांवर संसार थाटणाऱ्या माणसांविषयींचें कोणतेंही पुस्तक हातीं आलें, कीं आम्ही प्रथम एक साधा प्रश्न विचारतों : या प्रवाशाच्या मागें परत जाण्याजोगें घर आहे कीं नाहीं? जेसिका ब्रूडर या अमेरिकन लेखिकेचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेलें 'नोमॅडलँड' हें पुस्तक या प्रश्नाला जें उत्तर देतें, त्यामुळें तें आपल्या जातीच्या इतर पुस्तकांहून वेगळें ठरतें. त्यावरून निघालेला चित्रपट मात्र याच प्रश्नापाशीं येऊन अडखळतो. दोहोंचा विचार एकत्र करणें म्हणूनच उपयोगाचें आहे.

इंग्रजींत ही परंपरा जुनी आहे. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी डॉक्टरांनीं १८८५ सालीं 'वाँडरर' नांवाची एक घोड्यांची गाडी खास बांधवून घेतली, तिच्यांत राहण्याची सर्व सोय केली, इंग्लंडांतून थेट स्कॉटलंडपर्यंत मजल मारली आणि पुढील वर्षीं त्या प्रवासावर पुस्तक लिहिलें. हौसेनें चाकांवर राहण्याची जी चाल पुढें रूढ झाली, तिचे ते आद्य पुरुष मानले जातात. परंतु या साध्या राहणीसाठीं डॉक्टरसाहेबांबरोबर एक गाडीवान आणि एक चाकर असे दोघे होते! जॉन स्टाइनबेक यांनीं १९६० सालीं ट्रकवर एक छोटी खोली बसवून घेतली, तिला डॉन किहोतेच्या घोड्याचें नांव दिलें आणि चार्ली नांवाचा कुत्रा बरोबर घेऊन ते अमेरिका पाहण्यास निघाले. १९६२ सालीं निघालेलें त्यांचें तें प्रवासवर्णन अजूनही आवडीनें वाचलें जातें. दोन्हीं पुस्तकें चांगलीं आहेत. पण दोहोंतील भटकंती ही लांबलेली सुटी आहे. घर मागें शाबूत आहे, चूल विझलेली नाहीं, आणि प्रवासी कंटाळला कीं गाडीचें तोंड घराकडे वळवण्यास मोकळा आहे.

ब्रूडरबाईंच्या पुस्तकांतील माणसांना गाडीचें तोंड वळवण्यास दिशाच उरलेली नाहीं. २००८ सालच्या आर्थिक अरिष्टांत कोणाचें घर गेलें, कोणाची पुंजी बुडाली, कोणाची नोकरी उतारवयांत सुटली. अशीं माणसें जुन्या मोटारींत, मालवाहू गाड्यांत, ओढगाड्यांत बिऱ्हाड करून राहूं लागलीं. लेखिकेनें तीन वर्षें त्यांचा माग काढला; पंधरा हजार मैलांहून अधिक प्रवास केला; स्वतः एक जुनी गाडी घेऊन तिच्यांत राहून पाहिलें. या मंडळींतील पुष्कळजण साठी उलटलेले आहेत. पुस्तकाची नायिका लिंडा मे ही चौसष्ट वर्षांची आजी. तिनें आयुष्यांत ट्रक हांकला, हॉटेलांत वाढपीण म्हणून काम केलें, फरशांचें दुकान चालवलें, इमारतींची तपासनीस म्हणून नोकरी केली, आणि एकटीनें दोन मुली वाढवल्या. इतकें करून म्हातारपणीं सरकारकडून तिच्या पदरीं पडणार होते महिना सुमारें पांचशें डॉलर. एवढ्यांत घरभाडेंही भागत नाहीं. तेव्हां तिनें भाडें देण्याचेंच सोडून दिलें. जुन्या जीपमागें जोडलेल्या तिच्या इवल्याशा खोलीचें नांव 'स्क्वीझ इन', म्हणजे अंग चोरून शिरण्याची जागा. या बाईंचा विनोद कोणत्याही संकटांत मेलेला नाहीं, आणि लेखिकेनेंही तो मरूं दिलेला नाहीं.

या पुस्तकाचें पहिलें यश असें, कीं तें भटकणाऱ्यांच्या पोटापाण्याचा हिशेब लपवीत नाहीं. प्रवासवर्णनांत सूर्यास्त फार असतात आणि मजुरी फार थोडी असते. येथें उलट आहे. उन्हाळ्यांत हीं माणसें कॅलिफोर्नियांतील सरकारी वनांत तंबूंच्या मैदानांची राखण करतात, म्हणजे पावत्या फाडतात आणि शौचकूप धुतात. शरद ऋतूंत उत्तरेकडे बीट साखरेचा हंगाम लागतो; तेथें थंडीवाऱ्यांत बारा-बारा तास पाळी असते. नाताळापूर्वीं अ‍ॅमेझॉन कंपनीच्या गोदामांत तात्पुरते मजूर लागत. त्यासाठीं कंपनीनें २००८ पासून खास गाडीवाल्या मंडळींची भरती सुरू केली होती. सिमेंटच्या जमिनीवर मैलोगणती चालणें, वांकणें, उचलणें, आणि हातांतील यंत्रानें मालाच्या खुणा टिपणें हें तेथील काम. तें यंत्र धरून धरून लिंडाबाईंचें मनगट दुखावलें. भिंतींवर वेदनाशामक गोळ्या फुकट मिळण्याची सोय होती, हा तपशील लेखिका कोणतीही टीका न करतां नोंदवते, आणि टीकेची गरज उरत नाहीं. कांहीं विशिष्ट अडचणींतील गरजूंना कामावर ठेवल्यास मालकाला करांत सवलत मिळत असे, हेंही ती सांगते. म्हातारपण हें दुबळेपण न राहतां कोणाच्या तरी सोयीचें कसें झालें, हें यावरून कळून येतें.

परंतु केवळ करुण कहाणी सांगणें एवढाच या पुस्तकाचा हेतु असता, तर त्यावर एवढें लिहिण्याचें कारण नव्हतें. अवघड भाग पुढेंच आहे. हीं माणसें स्वतःला दुर्दैवी म्हणवून घेण्यास तयार नाहींत. बेघर हा शब्द तर त्यांना मुळींच खपत नाहीं. आपण मोकळे झालों, घरभाड्याच्या घाण्यांतून सुटलों, असें तीं सांगतात, आणि तसें सांगतांना त्यांचे चेहरे खोटें बोलणाऱ्याचे नसतात. बॉब वेल्स हे या पंथाचे जणुं गुरु. १९९५ च्या सुमारास घटस्फोटानंतर दोन बिऱ्हाडांचा खर्च झेपेना, म्हणून अलास्कांत ते एका मालगाडींत राहूं लागले. पहिल्या रात्रीं ते रडत झोपले. पुढें तीच राहणी त्यांना इतकी मानवली, कीं पैशाची ओढ कमी झाल्यावरही त्यांनीं ती सोडली नाहीं, आणि २००५ पासून ते इतरांना तिचे धडे देऊं लागले. ॲरिझोनाच्या वाळवंटांत क्वार्ट्‌झसाइट गांवाजवळ हिवाळ्यांत त्यांच्या अनुयायांचा मेळा भरूं लागला. पोलिसांच्या नजरेस न येतां रस्त्याकडेला रात्र कशी काढावी, बादलीवर शौचविधि कसा उरकावा, अशा विषयांवर तेथें गंभीरपणें चर्चा होते.

आतां हें स्वातंत्र्य खरें कीं मनाची समजूत? अडचणींतून निघालेली वाट आवडीची होऊं शकते, हें वेल्स यांच्या चरित्रावरून नाकारतां येत नाहीं. आणि आवडीची झाली म्हणून ती अडचणींतून निघालीच नव्हती, असेंही म्हणतां येत नाहीं. ब्रूडरबाई या दोन सत्यांपैकीं एकाचाही बळी देत नाहींत. त्या माणसांच्या हंसण्यावर विश्वास ठेवतात आणि त्याच वेळीं त्यांच्या पगाराची पावती वाचकापुढें धरतात. टीकाकाराच्या दृष्टीनें हा तोल हाच पुस्तकाचा प्राण होय.

चित्रपटांत नेमका हा तोल ढळला आहे. क्लोई झाओ यांनीं २०२० सालीं केलेल्या या चित्रपटाला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला, आणि २०२१ सालीं उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन व मुख्य अभिनेत्री असे तीन ऑस्कर पुरस्कार मिळाले. त्याची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. लिंडा मे, बॉब वेल्स यांच्यासारखीं खरीं माणसें त्यांत स्वतःच्याच भूमिकेंत आहेत, आणि त्यांच्या शेजारीं फ्रान्सिस मॅक्डॉर्मंडसारखी कसलेली नटी कोठेंही उपरी वाटत नाहीं. प्रारंभीं नेवाडांतील एम्पायर गांवाची हकीकत येते : २०११ सालीं तेथील जिप्समचा कारखाना बंद पडला, आणि गांव इतका ओस झाला कीं त्याचा टपालाचा क्रमांकही रद्द करण्यांत आला. याहून चांगला आरंभ कोणता? पण पुढें काय होतें पाहा. कथेची कल्पित नायिका फर्न हिला तिची बहीण आपल्या घरीं राहण्याचा आग्रह करते. तिचा एक भला सोबतीही आपल्या मुलाच्या घरीं तिला ठेवून घेऊं पाहतो. दोन्हीं घरें नाकारून ती पुन्हा गाडींत येते. येथें प्रेक्षकाचें हृदय भरून येतें, आणि येथेंच आमच्या मतें कथेनें आपला विषय सोडला. जिला दोन दारें उघडीं आहेत तिचें भटकणें हा स्वभाव झाला, किंवा पतिवियोगाचें दुःख झालें; ती पेन्शनची गोष्ट राहिली नाहीं. पुस्तकांतील लिंडाबाई मुलीच्या घरीं राहिल्या होत्या; पण तेथें दाटी एवढी, कीं त्यांना निजायला कोच मिळे. गोदामाचें दृश्य खऱ्या गोदामांत चित्रित करूनही चित्रपट तेथून चटकन् बाहेर पडतो आणि संध्याकाळच्या आकाशाकडे वळतो. आकाश सुंदर आहे यांत शंका नाहीं. दुखणारें मनगट मात्र त्या उजेडांत दिसेनासें होतें.

पुस्तकही निर्दोष नाहीं. लेखिका स्वतःच्या गाडीचें कौतुक जरा लांबवते. तिला परतायला न्यूयॉर्कला घर होतें, हा भेद वाचकाला विसरतां येत नाहीं. दुसरें असें, कीं या मेळ्यांत जवळजवळ सारे गोरे दिसतात. काळा मनुष्य रात्रीं अनोळखी रस्त्यावर मोटारींत झोपला तर त्याच्या वांट्याला काय येईल, हा प्रश्न लेखिकेनें उपस्थित केला आहे; पण तो थोडक्यांत आटोपला आहे. रस्ता सर्वांना सारखा मोकळा नसतो, हें या पुस्तकांत अधिक विस्तारानें यावयास हवें होतें.

मराठी वाचकाला या ठिकाणीं लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १९८० सालीं निघालेल्या आणि पुढील वर्षीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळवलेल्या त्या आत्मकथनांत कैकाडी कुटुंबाचें बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर आहे. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण बदली झालेल्या कारकुनाविषयींही हंसत वापरतों. 'उपरा' वाचल्यावर ती इतक्या सहज तोंडांतून निघत नाहीं. त्या पुस्तकांत रस्त्याचें गुणगान नाहीं. तेथें बापाची सारी धडपड पोराला शाळेंत बसवण्याची आहे, म्हणजे एका जागीं टिकण्याची आहे. जन्मानेंच भटकेपण ज्याच्या वांट्याला आलें त्याला स्थैर्य हें स्वातंत्र्य वाटतें. स्थैर्याचें भाडें भरून जो थकला त्याला रस्ता स्वातंत्र्य वाटतो. दोघेही खोटे नाहींत. दोघांच्याही बाबतींत विचारण्याचा प्रश्न एकच : निवड करण्याची सत्ता त्यांच्या हातीं होती काय?

अलीकडे आपल्याकडेही चांगल्या पगाराची नोकरी सोडून गाडींत संसार घालून निघणाऱ्या तरुणांचें कौतुक कानीं येतें, आणि त्यामुळें कांहीं घरांत वादही होतात. त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. कमी वस्तूंत राहतां येणें हा गुणच आहे, आणि आपल्या परंपरेनें वानप्रस्थाला आश्रमाची प्रतिष्ठा दिली ती उगाच नव्हे. पण वानप्रस्थ हा संसार पुरा करून निघतो. संसारानें बाहेर काढलेल्या माणसाला तें नांव देणें ही फसवणूक होईल. तरुण वाचकांनीं 'नोमॅडलँड' वाचावें तें उमेद खचवून घेण्यासाठीं नव्हे. साध्या राहणीची किंमत कोण, कोणत्या वयांत आणि किती देतो, तें नीट पाहण्यासाठीं वाचावें. वडीलधाऱ्यांनींही वाचावें, कारण आयुष्यभर इमानानें राबल्यावर म्हातारपण सुखाचें जातें, ही जी आपली श्रद्धा, तिचीच येथें कसोटी लागली आहे.

लिंडाबाईंचें स्वप्न काय होतें, तें सांगून हें परीक्षण पुरें करतों. त्यांना स्वतःच्या हातानें एक घर बांधावयाचें होतें. टाकाऊ टायरांत माती ठासून भरावयाची आणि त्यांच्या भिंती रचावयाच्या, अशी न्यू मेक्सिकोंतील एका वास्तुशिल्पज्ञानें रूढ केलेली ती पद्धति. त्यासाठीं त्यांनीं ॲरिझोनांत, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ, पांच एकर ओसाड जमीन घेतली. पुस्तक संपतें तेव्हां तें घर उभें राहिलेलें नाहीं. पण बाई त्याचे आराखडे जपून आहेत, आणि त्या आराखड्यांतील टायर फिरणारे नाहींत.