पदवी आणि प्रस्तावना

थळसारख्या किनाऱ्यावरच्या गांवचा विद्यार्थी बी. ए. झाला म्हणजे पुढें कोठें शिकावें हा प्रश्न घरांत निघतो, आणि चौकशी होते ती विद्यापीठाच्या नांवाची, खर्चाची व नोकरीची. आमच्या चरित्रवाङ्मयानेंही हीच दृष्टि जोपासली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची माळ आम्हांस मुखोद्गत असते. पण ते कोणापाशीं आणि कोणता प्रश्न घेऊन शिकले, हें विचारणारा वाचक विरळा.

त्याचें उत्तर ‘दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी’ (१९२३) या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत सांपडतें. ग्रंथ म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचा प्रबंध; प्रस्तावना तेथील प्राध्यापक एडविन कॅनन यांची. हिंदुस्थानांतील सुवर्ण-विनिमय पद्धतीवर ग्रंथकारानें कठोर टीका केली आहे. त्या पद्धतीविषयींची ग्रंथकाराची नापसंती कॅनन यांची नाहीं. शिष्याचे बहुतेक युक्तिवादही आपणांस मान्य नाहींत, असें ते उघड लिहितात, आणि लगेच त्याच्या विचारांतील टवटवीचें कौतुकही करतात. प्रस्तावना म्हणजे आशीर्वाद असें समजणाऱ्या आमच्या लेखकवर्गानें हीं पानें अवश्य वाचावीं. गुरूचें मत गिरवल्यावांचूनही पदवी मिळूं शकते, याचा तो छापील पुरावा आहे.

अर्थात् निवड सर्वस्वी मोकळी असते असें नव्हे. १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची वाट बडोद्याच्या शिष्यवृत्तीनें उघडली. तिच्यापाठीं दहा वर्षें संस्थानच्या नोकरीची अट होती. मुदत संपतांच १९१७ मध्यें लंडनचें अध्ययन अर्धवट टाकून परतावें लागलें. १९२० मध्यें ते पुन्हा गेले ते स्वतःची शिल्लक व कर्जाऊ पैसा गांठीं बांधून. वाट पैशानें ठरविली. प्रश्न मात्र त्यांचा स्वतःचा होता. कोलंबियांतही ते हिंदुस्थानच्या राजस्वाचाच अभ्यास करीत होते.

ही विद्या ग्रंथांतच राहिली नाहीं. १९३७ सालीं त्यांनीं मुंबई विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें, तेव्हां थळच्याच अलिबाग तालुक्यांत चरीच्या शेतकऱ्यांचा संप (१९३३–३९) चालू होता.

म्हणून माहितीपत्रक हातीं घेणाऱ्यानें शुल्काच्या रकान्याबरोबर आणखी एक गोष्ट तपासावी. तेथील गुरूंनीं स्वतःस न पटणारे किती प्रबंध मान्य केले? याचें उत्तर जाहिरातींत मिळणार नाहीं. त्यासाठीं ग्रंथालयांत जाऊन तेथील प्रबंध व त्यांच्या प्रस्तावनाच उघडाव्या लागतील.